शेतकी इन्स्पेक्टर दुकानात येतो तेव्हा

मृग लागला की आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत बी-खताच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा राहत नाही. गेल्या वर्षीच्या जून महिन्यात अशाच एका गर्दीच्या सकाळी आम्ही सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांगेत उभे होतो. तेवढ्यात हातात जुनी बॅग घेतलेले एक मध्यमवयीन गृहस्थ दुकानात शिरले. दुकानदार लगबगीने उठला, त्याने खुर्ची पुसली आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळले. "चहा राहू दे. आधी लायसन आणि स्टॉकचे रजिस्टर काढा," गृहस्थ म्हणाले.

आमच्या पुढचा शेतकरी कपाळाला हात लावून म्हणाला, "इन्स्पेक्टर आला की हो! आता तासभर विक्री बंद. आमची पेरणी बसली."

ही तक्रार आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. शेतकी इन्स्पेक्टर म्हणजे खोळंबा, असाच आपल्या लोकांचा समज. कोणी त्याहून वाईटही बोलतात. ह्या माणसाचे काम नेमके काय, तो कोणासाठी येतो आणि त्याचे काम अर्धे का राहते, हे त्या दिवशी आम्हांला जवळून पाहायला मिळाले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

एका नमुन्याचे तीन भाग

इन्स्पेक्टरसाहेबांनी प्रथम भिंतीकडे पाहिले. दुकानात कोणते बी किती शिल्लक आहे आणि त्याचा भाव काय, हे फलकावर रोज लिहिले पाहिजे, असा नियम आहे. फलक होता, पण त्यावर चार दिवसांपूर्वीची तारीख होती. मग त्यांनी रजिस्टरातला आकडा आणि गोदामातल्या पिशव्या ताडून पाहिल्या. त्यानंतर एकेक पिशवी उलटसुलट करून ते लेबल वाचू लागले. पिकाचे व वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत पेरायचे, सारे काही. आपण पिशवीवरचे चित्र आणि किंमत तेवढी पाहतो. साहेब चित्राकडे ढुंकूनही पाहत नव्हते.

कोपऱ्यातल्या एका थप्पीवर पेरणीची मुदत संपलेली तारीख निघाली. साहेबांनी तिथल्या तिथे लेखी हुकूम दिला : हा माल विकायचा नाही. असा हुकूम जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत देता येतो.

दुसऱ्या एका लॉटचा त्यांनी नमुना घेतला. काही पिशव्या फोडून त्यांतले बी स्वच्छ चादरीवर ओतले, हाताने चांगले मिसळले आणि त्याचे तीन सारखे भाग केले. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत घालून तोंड बांधले, चिठ्ठी लावली आणि लाखेची मोहोर उठवली. एक भाग दुकानदाराला दिला, दुसरा सरकारी बीज-परीक्षण प्रयोगशाळेला जायचा आणि तिसरा इन्स्पेक्टरकडे राहायचा. उद्या प्रकरण कोर्टात गेले व प्रयोगशाळेच्या अहवालावर वाद झाला, तर कोर्टाला मोहोरबंद भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. म्हणजे दुकानदारावरही अन्याय होऊ नये, अशी ही व्यवस्था. घेतलेल्या बियाण्याची किंमत मागितल्यास तीही द्यावी लागते. फुकट मूठभर बी उचलण्याचा अधिकार इन्स्पेक्टरला नाही.

नमुना घेताना शक्यतो दोन माणसे हजर ठेवून त्यांच्या सह्या घ्याव्यात, असे कायदा सांगतो. साहेबांनी रांगेकडे पाहिले. लोक एकमेकांच्या पाठीमागे सरकू लागले. शेवटी आम्ही पुढे झालो आणि मघाशी कपाळाला हात लावणारे ते शेतकरीही. सही करताना ते हळूच म्हणाले, "साहेब, हे माझ्यासाठीच चाललंय व्हय?" साहेब म्हणाले, "मग कुणासाठी, काका?"

हे कायदे आले कुठून?

आपल्या देशात बियाण्याचा कायदा १९६६ साली झाला. त्याचे नियम १९६८ चे. बियाणे विकणाऱ्याला लायसन सक्तीचे करणारा आदेश १९८३ चा. खतांवरचा सध्याचा नियंत्रण आदेश १९८५ चा आणि कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा.

ह्यांतल्या शेवटच्या कायद्यामागे मोठी दुःखद घटना आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळात शंभराहून अधिक माणसे अन्नातून विषबाधा होऊन दगावली. पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ एकाच जहाजातून आणले होते. औषध गळले, ते पिठात मुरले, त्या पिठाचे पदार्थ लोकांच्या पोटात गेले. चौकशीसाठी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह ह्यांचा आयोग नेमला गेला आणि पुढे दहा वर्षांनी कायदा झाला. त्याच्या नियमांत म्हटले आहे की कीटकनाशकाचा खाण्याच्या जिनसांशी किंवा जनावरांच्या चाऱ्याशी संपर्क येईल अशा रीतीने त्याची ने-आण वा साठवण करू नये. त्याची साठवण वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात असावी.

इन्स्पेक्टर दुकानात येऊन "औषधाचे डबे तांदळाच्या पोत्याशेजारी का ठेवलेत?" असे दरडावतो, तेव्हा त्या दरडावण्यामागे ही शंभरावर माणसे उभी असतात. आणि आपल्या घरात? मागच्या पडवीत, मिठाच्या बरणीशेजारी, फवारणीचे औषध कितीजणांनी ठेवले आहे, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. आपल्या पडवीत इन्स्पेक्टर येत नाही.

दोन शेतांची गोष्ट

त्याच पावसाळ्यात आमच्या गावात दोन शेतांतले सोयाबीन नीट उगवले नाही. एक शेत आमच्या शेजाऱ्यांचे, तीन एकरांचे. दुसरे एका मावशींचे. त्या विधवा आहेत व दोन एकर स्वतःच कसतात.

शेजाऱ्यांनी आठवडाभर वाट पाहिली. मग रागारागाने कुळव घालून सारे शेत मोडले आणि दुसरे बी पेरले. त्यानंतर ते रैत संपर्क केंद्रात तक्रार द्यायला गेले. कृषी अधिकाऱ्यांनी विचारले, "बिल?" बी उधारीवर घेतलेले. दुकानदाराने कोऱ्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला होता, तोही भिजला. "पिशवी?" "ती गोठ्याच्या छपरावर टाकली की हो, गळत होतं म्हणून." "लेबल?" ते पिशवी फोडतानाच फाटले. "थोडे बी?" सारे पेरले. आणि शेत? ते तर मोडून झाले होते. अधिकारी भले गृहस्थ होते. पण पाहायलाच काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी लिहावे तरी काय? दुकानदार म्हणाला, "हे बी माझ्याकडचे कशावरून?" तिथेच सगळे थांबले. दुबार पेरणीचे कर्ज शेजाऱ्यांच्या डोक्यावर अजून आहे.

मावशींना लिहिता-वाचता बेताचेच येते. पण त्यांच्या मुलीने बिल, लेबल आणि रिकामी पिशवी रेशनकार्डाच्या पिशवीत घालून ठेवली होती. मूठभर बी डब्यात उरले होते. सहाव्या दिवशी कोंब दिसेनात, तेव्हा मावशी थेट तक्रार घेऊन गेल्या. पेरणीचा वाफसा चालला होता, सारे शेत पडीक ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी बांधालगतचा एक पट्टा तसाच राखला, मुलीने मोबाइलवर फोटो काढले आणि बाकीच्या जागेत दुबार पेरले. अधिकारी तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी पट्ट्यातली माती उकरली, किती दाणे कुजले, किती फुगून तसेच राहिले हे मोजले, पंचनामा केला आणि लेबल, पिशवी व उरलेले बी ताब्यात घेतले.

हे त्यांनी मेहेरबानी म्हणून केले नाही. शेतकऱ्याने लेखी तक्रार दिली की बीज-निरीक्षकाने लेबल, पिशवी आणि शक्य तितके उरलेले बी ताब्यात घ्यावे, त्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून पीक का बुडाले ह्याची चौकशी करावी आणि अहवाल द्यावा, असे बियाणे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. बी ठरलेल्या मर्यादेपेक्षा हलके निघाले, तर विकणाऱ्यावर खटला भरायचा. मावशींच्या बियाण्याची उगवण प्रयोगशाळेत मर्यादेच्या खाली आली. कंपनीच्या माणसाने गावात येऊन बियाण्याचे पैसे परत केले. दुबार पेरणीचा खर्च मात्र मिळाला नाही. त्यासाठी त्यांनी ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे.

१९६६ च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंतच दंड ठेवला, आणि हा दंड शेतकऱ्याच्या हाती येत नाही. भरपाईची वाट वेगळी आहे. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या एका प्रकरणात निकाल दिला की खराब बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येते. विकत घेतलेले सारे बी शेतकरी पेरतो, त्याने चाचणीसाठी काही राखून ठेवले नाही म्हणून त्याचा दावा बुडत नाही, हेही त्यात आले. पण अशा वेळी शेतावर येऊन पाहणी करणाऱ्याच्या अहवालाला फार मोल येते, आणि तो अहवाल वेळेवर तक्रार केली तरच होतो. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

सगळा दोष बियाण्याचा नसतो

इथे एक गोष्ट कानाआड करून चालणार नाही. उगवले नाही की बी बोगस, असे आपण लगेच म्हणतो. इन्स्पेक्टरला तसे म्हणता येत नाही. त्याला कारण शोधावे लागते.

सोयाबीनचे टरफल पातळ आणि त्यातला अंकुर अगदी टरफलालगत. पोते उंचावरून आपटले, थप्पीवर थप्पी रचली, कडक उन्हात वाळवले, तरी उगवण उतरते. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पडले, तर कोंब वर येईतो थकतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी धूळवाफेवर पेरले आणि पावसाने दडी मारली, तर चांगले बीही जमिनीतच कुजते. दुकानात चांगले असलेले बी आपण घरी आणून खताच्या पोत्याला टेकवून ठेवतो, त्याचे पाप दुकानदाराच्या माथी मारता येत नाही.

ह्यावर उपाय घरचाच आहे. पेरणीआधी आठवडाभर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी धडधाकट कोंब मोजावेत. सोयाबीन व भुईमुगाचे ७०, भाताचे ८० कोंब यायला हवेत. कमी आले तर पेरण्याआधीच पिशवी घेऊन दुकानात जाता येते. पेरल्यावर नुसते आभाळाकडे पाहत बसावे लागते.

खत आणि 'औषध'

खताचेही असेच नमुने घेतले जातात. युरियात ४६ टक्के नत्र असते, डी.ए.पी.मध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद. पिशवीवर तसे छापलेले असते, आत तसेच आहे का, ते प्रयोगशाळाच सांगते. तरी घरी एक ढोबळ पारख करता येते. तापलेल्या लोखंडी तुकड्यावर शुद्ध युरियाचे दाणे टाकले तर वितळून नाहीसे होतात, मागे काही उरत नाही. मात्र हे उघड्यावर करावे, वाफ नाकात जाऊ देऊ नये आणि स्वयंपाकाचा तवा वापरू नये. युरियाची पिशवी २०१८ पासून ४५ किलोची आहे. ५० किलोचा हिशेब धरून पेरलेत, तर चुकेल.

कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. शब्द गोड आहे, वस्तू विष आहे. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत असावे असा नियम आहे. सीमाभागात ते बहुधा कन्नडमध्ये असते आणि आमच्या कित्येक घरांत ते उलगडलेही जात नाही. शाळेत कन्नड शिकणारी मुले आता घरोघर आहेत. त्यांच्याकडून ते एकदा वाचून घ्यावे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणाऱ्याला दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, स्नायू थरथरणे, श्वास कोंडणे, ह्यांपैकी काहीही होऊ लागले तर ते ऊन लागल्याचे समजून सावलीत निजवून ठेवू नये. अंगावरचे कपडे लगेच काढावेत, साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. दूध, तूप, मिठाचे पाणी असले काही पाजू नये, उलटी करवू नये. रोग्याला कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा आणि डबा किंवा निदान त्याचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. कोणते विष गेले हे कळल्यावर डॉक्टरला नेमका उतारा देता येतो. दुकानदाराने दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेल्या सुट्या औषधाला लेबलच नसते, म्हणून ते घेऊच नये. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, रॉकेल भरू नये. तीनदा खळखळून ते पाणी पंपात ओतावे, डबा ठेचून वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर पुरावा.

इन्स्पेक्टर वाईट असला तर?

हा प्रश्न वाचक विचारतील, आणि तो योग्य आहे. चहा पिऊन, पाकीट घेऊन निघून जाणारेही असतात, आम्ही डोळे मिटून बसलेलो नाही. शिवाय चांगल्या माणसाचेही हात पुरत नाहीत. ज्या अधिकाऱ्याने नमुने घ्यायचे, त्यालाच ऐन हंगामात बियाण्याचे वाटप, योजनांचे अर्ज आणि पुढे पीक-कापणीचे प्रयोगही पाहावे लागतात. प्रयोगशाळेचा अहवाल येईतो पेरणीचे दिवस सरतात, हे दुखणे खरे आहे. त्या सकाळी आमच्यादेखत घेतलेल्या नमुन्याचा अहवाल आला, तेव्हा पिके गुडघ्याएवढी झाली होती.

म्हणूनच आपला कागद पक्का हवा. तोंडी तक्रार हवेत विरते. लेखी तक्रारीची पोच घेतली, शिक्का व तारीख घातली, की चांगल्या अधिकाऱ्याच्या हाताला बळ येते आणि वाइटाला ती दडपणे अवघड जाते.

एवढे करावे

पक्के बिल मागावे. रोख असो वा उधारी, बिल देणे दुकानदाराला बंधनकारक आहे. त्यावर वाण, लॉट नंबर व तारीख आहे का, ते तिथेच पाहावे. उधारीच्या भिडेने बिल सोडू नये.

पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहते. बिल, लेबल, पिशवी आणि मूठभर बी काढणीपर्यंत जपावे. बियाण्याला औषध चोळलेले असते, म्हणून ती मूठ मुलांच्या व कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

उगवण कमी वाटली तर आठवड्याच्या आत लेखी तक्रार द्यावी. कर्नाटकात हे काम होबळीच्या रैत संपर्क केंद्रात होते, महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे वा पंचायत समितीत, गोव्यात झोनल शेतकी कचेरीत. इतर प्रांतांतल्या वाचकांनी आपल्या तालुक्याच्या शेतकी कचेरीत विचारावे, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ ह्या नंबरावर फोन करावा, पैसे पडत नाहीत. पाहणी होईपर्यंत शेताचा एक पट्टा मोडू नये.

आणि दुकानात इन्स्पेक्टर नमुना घेताना दिसला, तर मागे सरकू नये. सही करायला दोन माणसे लागतात.

आमच्यासोबत सही केलेले ते काका परवा पुन्हा त्याच दुकानात भेटले. खताची दोन पोती घेऊन ती सायकलला बांधत होते. दुकानदाराने सुटे पैसे पुढे केले, तरी काका हलेनात. "आणि काय पाहिजे?" दुकानदाराने विचारले.

"बिल," काका म्हणाले.